पी. चेंचय्या : उत्क्रांतीचा ख्रिस्ती अन्वय आणि समाजमूल्ये

१

चेन्नई महानगराच्या पश्चिमेस असलेले आवडी हे गाव पुढे रणगाड्यांच्या कारखान्यामुळे नावारूपाला आले. तथापि भारताच्या राजकीय इतिहासात त्याचे नाव एका ठरावाशी निगडित आहे. १९५५ च्या जानेवारीत उ. न. ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचे ध्येय स्वीकारले. उत्पादनाची प्रमुख साधने समाजाच्या मालकीची अथवा नियंत्रणाखाली असावीत आणि राष्ट्रीय संपत्तीची वाटणी न्याय्य व्हावी, असा त्याचा आशय होता. समाजाची रचना बदलली म्हणजे त्या रचनेत वावरणारा माणूसही कालांतराने बदलतो, हा त्या काळच्या बहुतेक सुधारणावादी विचारांचा पाया होता, आणि आवडीचा ठराव त्याच पायावर उभा होता असे म्हणावयास हरकत नाही.

त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे असलेले एक मद्रासी ख्रिस्ती विचारवंत हीच गोष्ट उलट दिशेने पाहत आले होते. पांडिपेद्दी चेंचय्या (१८८६–१९५९) हे व्यवसायाने वकील, पुढे न्यायाधीश. धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते आणि चर्चमधील कोणतेही पद त्यांच्याकडे नव्हते. तरीही भारतीय ख्रिस्ती विचाराचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. उत्क्रांतीची कल्पना धर्माला मारक मानून नाकारावी, किंवा ती विज्ञानाची बाब म्हणून बाजूस ठेवावी, हे दोन्ही मार्ग त्यांनी सोडले. ख्रिस्ताचा अर्थच उत्क्रांतीच्या परिभाषेत लावण्याचे धाडस त्यांनी केले, आणि त्या अर्थातून जात, धर्मांतर, चर्च व राष्ट्र यांविषयीची आपली मूल्ये निश्चित केली.

मराठी वाचकाला भारतीय ख्रिस्ती विचार म्हटला की नीळकंठशास्त्री गोऱ्हे, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड ना. वा. टिळक ही नावे आठवतात. या परंपरेत शास्त्रार्थ आहे, आत्मचरित्र आहे, भक्तिकाव्य आहे. परंतु उत्क्रांतीचा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. महाराष्ट्रात तो प्रश्न आला तो गोपाळ गणेश आगरकरांसारख्या बुद्धिवाद्यांकडून, स्पेन्सरच्या वाचनातून. आणि तेथे त्याचे स्वरूप ऐहिक होते. चेंचय्यांचे चरित्र आपल्यापुढे मांडण्याचे एक प्रयोजन हेच, की आपल्याकडे दोन वेगळ्या प्रवाहांत राहिलेल्या गोष्टी तेथे एका माणसाच्या विचारात एकत्र आल्या.

२

चेंचय्यांचा जन्म आंध्रातील नेल्लोर येथे एका उच्चवर्णीय हिंदू कुटुंबात झाला. वडील आदिनारायणय्या यांच्याबरोबर त्यांनी लहान वयातच ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. ही गोष्ट त्यांच्या पुढील विचारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एकट्याने धर्मांतर करणाऱ्या तरुणाला घर, वारसा आणि नातीगोती यांपासून जे तुटणे भोगावे लागे, त्याची अनेक उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्मांतरिताचा वारसाहक्क कायद्याने राखला खरा. परंतु कायद्याने मिळकत राखता येते, समाज राखता येत नाही. चेंचय्या वडिलांच्या सोबतीने ख्रिस्ती झाले. हिंदू परंपरेविषयीची आपुलकी त्यांच्या ठिकाणी अखेरपर्यंत टिकून राहिली, आणि धर्मांतर म्हणजे समाजत्याग हे समीकरण त्यांना कधीच मान्य झाले नाही.

त्यांचे उच्च शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजात झाले. हे महाविद्यालय १९३७ मध्ये तांबरमला हलले. चेंचय्यांच्या विद्यार्थिदशेत ते मद्रास शहरातच होते. विल्यम मिलर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने एक उदार दृष्टी जोपासली होती. विद्यार्थ्यांचे तत्काळ धर्मांतर घडवून आणण्यापेक्षा ख्रिस्ती विचार हिंदू समाजात हळूहळू झिरपावा, यावर मिलर यांचा भर होता. विल्यम स्किनर हे चेंचय्यांचे तत्त्वज्ञानाचे अध्यापक. तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर ते कायद्याकडे वळले, मद्रासमध्ये वकिली केली आणि पुढे पुदुक्कोट्टै संस्थानात न्यायाधीश झाले.

याच महाविद्यालयाने घडविलेले दुसरे विचारवंत म्हणजे वेंगल चक्करै (१८८०–१९५८). ते नात्याने चेंचय्यांचे मेहुणे. तेही वकील, पण वृत्तीने चळवळे. चक्करै मद्रासचे महापौर झाले, कामगार चळवळीत शिरले आणि आवडीचे अधिवेशन भरले तेव्हा अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्ष होते. ख्रिस्ताला अवतार म्हणून समजून घेण्याचा त्यांचा प्रयत्न १९२६ च्या ग्रंथात आला. एकाच घरातील या दोघांपैकी एकाने संघटनेच्या मार्गाने समाजाला हात घातला. दुसऱ्याने, माणूस म्हणजे काय आणि तो काय होऊ शकतो, या प्रश्नापाशी ठाण मांडले. मद्रासमधील ज्या वर्तुळात हे दोघे वावरत, त्याला ख्रिस्तो समाज या नावाने ओळखले जाई. ख्रिस्ती जीवनाला भारतीय रूप देणे हा त्याचा हेतू होता.

३

चेंचय्यांनी उत्क्रांतीची कल्पना हाती घेतली तेव्हा ती धर्मचर्चेत नवी नव्हती. डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ मध्ये आणि मानवाच्या वंशक्रमावरील ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये प्रारंभीचा वाद शमल्यावर १८८९ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या काही धर्मशास्त्रज्ञांनी, उत्क्रांती ही ईश्वराच्या निर्मितीचीच रीत होय, अशी भूमिका घेतली. भारतात केशवचंद्र सेन यांनी १८८२ मधील त्रैक्यावरील व्याख्यानात, कनिष्ठ जीवांपासून मानवापर्यंत आणि मानवापासून ख्रिस्ताच्या दिव्य मानवतेपर्यंत चढत जाणाऱ्या निर्मितीचे चित्र रेखाटले होते. डार्विनच्या मृत्यूच्याच वर्षी, कोलकात्यात, ब्राह्मो समाजाच्या नेत्याने हा विचार मांडावा, ही तौलनिक अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी बाब आहे.

पुढे या कल्पनेला मिशनरी विचारात एक विशिष्ट वळण मिळाले. जे. एन. फार्कर यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ख्रिस्ती धर्माला हिंदुत्वाचा मुकुट म्हटले. हिंदू धर्मातील आकांक्षांची पूर्ती ख्रिस्तात होते, हे त्याचे सूत्र. जुन्या मिशनरी निंदेच्या तुलनेत ही भूमिका कितीतरी सहृदय होती. परंतु तिच्यामागे धर्मांची एक शिडी गृहीत होती. खालच्या पायरीवर आदिवासींचे धर्म, वर हिंदू धर्म, शिखरावर ख्रिस्ती धर्म; आणि हा ख्रिस्ती धर्म व्यवहारात युरोपीय चर्चच्या रूपाने उभा असल्यामुळे शिखरावर कोण बसले आहे हे सांगावे लागत नसे.

शिडीच्या या कल्पनेचा सामाजिक परिणाम केवळ मिशनरी वर्तुळापुरता मर्यादित नव्हता. प्राणिसृष्टीतील झगडा मानवी समाजाला लावून दुर्बळांच्या ऱ्हासाला निसर्गनियम म्हणणारा विचार त्याच काळात पश्चिमेत प्रबळ होता. आणि आपल्याकडे वर्णव्यवस्थेला वंशशुद्धीचे शास्त्र म्हणून नवे समर्थन देणारेही त्याच शब्दांचा आधार घेत होते. आगरकरांनी उत्क्रांतीचा उपयोग रूढी बदलल्याच पाहिजेत हे सांगण्यासाठी केला, इतरांनी ती टिकलीच पाहिजे हे सांगण्यासाठी. एकच शब्द दोन्ही पक्षांच्या कामी येत होता. म्हणून प्रश्न उत्क्रांती मानावी की नाही एवढाच नव्हता. ती कशी कल्पावी हा होता.

४

चेंचय्यांचे वेगळेपण येथे आहे. त्यांनी उत्क्रांतीची कल्पना शिडीवरून काढून जन्माच्या प्रतिमेवर आणली. जड पदार्थात एके काळी जीव प्रकटला. जीवसृष्टीत मन प्रकटले, माणूस आला. या प्रत्येक टप्प्यावर मागच्यातून हिशेबाने न काढता येणारे असे काही नवे अवतरले. येशूच्या रूपाने तसेच आणखी एक नवे अवतरण झाले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. येशू हा मानवजातीचा सर्वोत्तम नमुना आहे, हे म्हणणे त्यांना अपुरे वाटे. तो नव्या मानवतेचा आरंभ, तिचा आदिपुरुष आहे, असे ते मानत. अवतार ही येऊन जाणारी घटना नसून ख्रिस्तात ईश्वर सृष्टीत कायमचा राहावयास आला, यावर त्यांचा भर होता. पवित्र आत्मा ही त्यांच्या मते त्या नव्या सृष्टीची शक्ती. तिच्यासाठी त्यांनी महाशक्ती ही भारतीय संज्ञा योजली.

या मांडणीत पारंपरिक ख्रिस्ती सिद्धांतांचे गुरुत्वकेंद्र सरकले. पाप, दंड, प्रायश्चित्त आणि क्षमा ही न्यायालयाची परिभाषा पाश्चात्त्य धर्मशास्त्राच्या मध्यभागी असते. ज्या गृहस्थाचे आयुष्य न्यायालयात गेले त्यानेच धर्मातून ही परिभाषा बाजूला सारावी, यात एक संगती आहे. दोषी माणसाला सोडून दिल्याने तो निर्दोष ठरतो, नवा होत नाही, हे वकिलाइतके कोणाला ठाऊक असणार? चेंचय्यांना सुटकेपेक्षा पुनर्जननात रस होता. ख्रिस्ताचे अनुकरण करणे हेही त्यांना दुय्यम वाटे. ख्रिस्ताचे जीवन माणसात प्रत्यक्ष पुन्हा जन्मास यावे, हे त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ती धर्माचे सार होते.

या विचाराची पोषणद्रव्ये अनेक ठिकाणची आहेत. बर्गसाँचा सर्जनशील उत्क्रांतीवरील ग्रंथ १९०७ चा. जीवनप्रेरणेची त्याची कल्पना चेंचय्यांना जवळची वाटणे स्वाभाविक होते. श्रीअरविंद १९१० मध्ये पाँडिचेरीला आले, आणि मानवाच्या पलीकडील चेतनेच्या अवतरणाचा त्यांचा विचार तमिळ प्रदेशातच आकाराला आला. कुंभकोणम येथील मास्टर सी. व्ही. व्ही. (१८६८–१९२२) यांच्या योगपंथाचाही चेंचय्यांवर प्रभाव होता. शरीरासह संपूर्ण मानवी घटनाच बदलू शकते, ही त्या पंथाची श्रद्धा. मात्र श्रीअरविंदांच्या दृष्टीने अतिमानवाचे अवतरण पुढे घडावयाचे होते. चेंचय्यांच्या मते त्याचा आरंभ होऊन गेला होता, आणि तो एका ऐतिहासिक व्यक्तीत झाला होता.

फ्रेंच जेसुइट शास्त्रज्ञ तेयार द शार्दां यांचे नाव येथे आठवणे अपरिहार्य आहे. आवडीच्या अधिवेशनानंतर तीनच महिन्यांनी, १९५५ च्या एप्रिलमध्ये, ते न्यूयॉर्कला वारले. मानवाच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रमुख ग्रंथ त्यांच्या हयातीत प्रकाशित होऊ शकला नाही. तो त्याच वर्षी फ्रेंचमध्ये आणि १९५९ मध्ये, म्हणजे चेंचय्यांच्या मृत्यूच्या वर्षी, इंग्रजीत आला. चेंचय्यांची मांडणी १९३८ मध्येच ग्रंथरूपाने उपलब्ध झाली होती. तेव्हा हे साम्य उसनवारीचे नाही. शार्दां भूगर्भातील अवशेषांवरून विश्वाच्या अंतिम बिंदूकडे गेले. चेंचय्या धर्मांतरित माणसाच्या अनुभवावरून विश्वाकडे गेले.

जीवशास्त्राच्या कसोटीवर ही मांडणी टिकणारी नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. नैसर्गिक निवडीच्या प्रक्रियेला हेतू नसतो आणि ती कोणत्याही शिखराकडे निघालेली नसते. चेंचय्यांनी उत्क्रांती ही एक तत्त्वमीमांसेची प्रतिमा म्हणून वापरली. तिचे मोल तिने समाजाविषयी काय पाहू दिले यावरून ठरवावयास हवे.

५

उत्क्रांतीला शिडी मानले की प्रत्येकाची पायरी ठरते. कोण वर, कोण खाली, हा प्रश्न टळत नाही. तिला जन्म मानले की आधीच्या सर्वच पायऱ्यांचे महत्त्व ओसरते. नव्या जन्मापुढे ब्राह्मण आणि अंत्यज, हिंदू आणि ख्रिस्ती, भारतीय आणि युरोपीय यांची स्थिती एकसारखी होते: सर्वांनाच अजून जन्मावयाचे असते. चेंचय्यांच्या समाजविचाराचे मर्म या एका गोष्टीत आहे. ख्रिस्ती म्हणवणारा समाज नव्या मानवतेत आपोआप दाखल झालेला आहे, हे त्यांनी कधी मान्य केले नाही.

यातूनच चर्चसंस्थेवरील त्यांची टीका उगम पावते. ईश्वराचे राज्य आणि चर्च या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. राज्य म्हणजे नव्या जीवनाचा विस्तार. चर्च म्हणजे पश्चिमेत घडलेली आणि येथे आयात झालेली संस्था. तिच्या श्रद्धासूत्रांना, अधिकारांच्या उतरंडीला आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याला त्यांनी अंतिम महत्त्व दिले नाही. हिंदू समाजात राहून, आपले नाव, घर आणि वारसा न सोडता ख्रिस्ताचे होता आले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. मराठी वाचकाला येथे ना. वा. टिळकांच्या देवाच्या दरबाराची आठवण होईल. टिळकांनी १९१७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही सामावणारा ख्रिस्तशिष्यांचा मेळा कल्पिला होता. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे तो प्रयोग फार पुढे गेला नाही. टिळक या ठिकाणी वारकरी भक्तीच्या वाटेने पोहोचले, चेंचय्या उत्क्रांतीच्या वाटेने. मुक्कामाचे साम्य लक्षणीय आहे.

राजकारणातही या विचाराला धार होती. १९१९ च्या सुधारणांनी मद्रास इलाख्यात भारतीय ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. धर्मसमाज हा मतांचा गठ्ठा बनला की धर्मांतर ही संख्येची बाब होते आणि श्रद्धेला शिरगणतीचे रूप येते. के. टी. पॉल यांनी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला तो या भीतीपोटी. चेंचय्यांचे वर्तुळ याच राष्ट्रीय वृत्तीचे होते. नव्या सृष्टीचा विचार तर त्यांना जमातवादापासून मूळातच दूर नेणारा होता. पुढे संविधान सभेत ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला, त्यामागे अशा दीर्घ चर्चेची पार्श्वभूमी होती.

६

चेंचय्यांच्या विचाराची खरी कसोटी १९३८ मध्ये लागली. त्या वर्षीच्या डिसेंबरात तांबरमला आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. तिच्या पूर्वतयारीसाठी डच विद्वान हेंड्रिक क्रेमर यांनी एक ग्रंथ लिहिला. कार्ल बार्थच्या प्रभावाखालील या ग्रंथात ईश्वराचे प्रकटीकरण आणि मानवी धर्म यांत मूलभूत खंड असल्याचे प्रतिपादन होते. ख्रिस्त ही हिंदू आकांक्षांची पूर्ती नाही, तर त्यांच्यावरील न्यायनिवाडा आहे, असा त्याचा रोख होता. त्याला उत्तर म्हणून चेंचय्या, चक्करै, जी. व्ही. जॉब, डी. एम. देवसहायम, एडी आशीर्वादम आणि ए. एन. सुदर्शनम यांनी भारतातील ख्रिस्ती धर्माच्या पुनर्विचाराचा एक ग्रंथ परिषदेपूर्वीच मद्रासमधून प्रसिद्ध केला. या लेखकांना पुढे पुनर्विचार गट हे नाव मिळाले.

त्यातील चेंचय्यांचा युक्तिवाद बारकाईने पाहण्याजोगा आहे. खंड आहे, हे क्रेमर यांचे म्हणणे त्यांना एका अर्थाने मान्यच होते. नवे ते जुन्यातून सरळ निघत नाही, असे तेही म्हणत. मतभेद हा खंड कोठे पाडावा याविषयी होता. क्रेमर यांनी तो ख्रिस्ती प्रकटीकरण आणि इतर धर्म यांच्यामध्ये पाडला. चेंचय्यांनी तो ख्रिस्त आणि आजवरची सर्व मानवता, म्हणजे ख्रिस्ती चर्च धरून, यांच्यामध्ये पाडला. या एका बदलाने परिषदेच्या सत्तेची मांडणीच उलटली. युरोपातून शिकवावयास आलेला आणि भारतात शिकावयास बसलेला, दोघेही एकाच बाजूस उभे राहिले.

१९४१ मध्ये चेंचय्या, चक्करै आणि सुदर्शनम यांचा आश्रमांवरील ग्रंथ आला. तिरुप्पत्तूरचा ख्रिस्तकुल आश्रम १९२१ पासून आणि आपल्याकडील ख्रिस्त सेवा संघ १९२२ पासून कार्य करीत होता. चर्चऐवजी आश्रम हे नव्या जीवनाचे घर होऊ शकेल, अशी आशा या गटाला वाटत होती. नियतकालिकांतून चेंचय्यांचे लेखन पुढेही चालू राहिले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. सुसूत्र असा मोठा ग्रंथ त्यांनी मागे ठेवला नाही. विचार विखुरलेल्या निबंधांत आणि परीक्षणांत राहिला.

७

चेंचय्यांच्या विचारातील उणीव त्यांच्या बलस्थानालाच लागून आहे. नव्या जन्मापुढे सर्व समान, हे तत्त्व उदात्त आहे. पण जे समाजाच्या तळाशी दडपले गेले त्यांची स्थिती उच्चवर्णीय धर्मांतरितासारखी नसते. नाव, घर आणि वारसा न सोडता ख्रिस्ताचे व्हावे, हे ज्याला वारसा आहे त्याला सांगता येते. ज्याच्या वाट्याला वारसा म्हणून अस्पृश्यताच आली, त्याला जुना समाज सोडणे हीच मुक्तीची पहिली अट वाटू शकते. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला आणि १९५६ मध्ये नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला; तेव्हा धर्मांतर हे एका व्यक्तीच्या अंतरंगातील घटना राहिले नाही, समूहाने आपली ओळख बदलण्याचे ते कृत्य ठरले. समूहांच्या धर्मांतराकडे साशंकतेने पाहणाऱ्या विचाराला याचा अर्थ लावणे जड जाते.

हा आक्षेप चेन्नईतच, आणि एका महाराष्ट्रीय ख्रिस्ती विद्वानाकडून, स्पष्ट शब्दांत पुढे आला. अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविद्येचा पाया घातला, आणि चेन्नईच्या गुरुकुल धर्मशास्त्र महाविद्यालयात त्या विषयाचे अध्यापन केले. भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र आजवर ब्राह्मणी परंपरेच्या ज्ञान, भक्ती आणि कर्म या मार्गांनीच चालत आले, असे त्यांचे निदान होते. श्रीअरविंदांच्या पूर्णयोगाशी ख्रिस्ती विचाराचा मेळ घालणारे चेंचय्याही त्यांनी त्याच परंपरेत बसवले. ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य दलित असताना त्यांची वेदना या धर्मशास्त्रात कोठे आहे, हा निर्मळ यांचा प्रश्न होता. तो टाळता येणारा नाही.

तरीही या प्रश्नाने चेंचय्यांचे सगळेच म्हणणे निकालात निघते, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. सृष्टीचा क्रम आजच्या उतरंडीपाशी संपलेला नाही आणि माणसाचे अंतिम रूप अजून ठरावयाचे आहे, हा विश्वास दडपलेल्यांच्या बाजूने उभा राहू शकतो. मात्र त्यासाठी नव्या मानवतेचा आरंभ योग्याच्या साधनेत शोधण्यापेक्षा गावकुसाबाहेरील जीवनात शोधावा लागेल. चेंचय्यांनी तो शोध तेथे नेला नाही. आवडीच्या ठरावाने रचना बदलण्याचे ध्येय ठेवले आणि माणसाचा प्रश्न काळावर सोपवला. चेंचय्यांनी माणसाचा प्रश्न हाती घेतला आणि रचनेचा प्रश्न बराचसा चक्करैंसारख्यांवर सोडला. एकाच घरात विभागली गेलेली ही दोन कामे एकाच विचारात कशी सांधावीत, हे भारतीय समाजविचारापुढील काम आहे. ते हाती घेणाऱ्याला नेल्लोरच्या या न्यायाधीशाचे लेखन वाचूनच पुढे जावे लागेल.